पंखावरचं ओझं

पिरंगुटच्या बाजारात पौड रस्त्याला लागून एक धान्याचं दुकान आहे. तिथे तांदळाची पोती तोलायचा मोठा काटा आहे. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी त्या काट्यावर माझी मुलगी उभी राहिली. पाठीवर तिच्याच उंचीला शोभणारा भला मोठा थैला, डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. आंबेमोहोर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पिशव्या हातात धरून बघत राहिली. काटा ६६ किलोवर स्थिर झाला. दुकानाचे शेठ म्हणाले, "काय साहेब, पोरगी पार्सल करताय का कुठं?"

तसं म्हटलं तर पार्सलच होतं. मुलगी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकली आहे. आदल्या वर्षी तिचा अभ्यासक्रम पुरा झाला आणि आता ती गुरुजींच्या नजरेखाली एकटी उडते. रविवारच्या उड्डाणासाठी तिने एका मित्राचा पंख मागून आणला होता. गुरुजींचा फोनवर एकच प्रश्न होता : "सगळं सामान अंगावर घालून वजन किती भरतं?" घरच्या काट्यावर थैल्यासकट नीट उभं राहता येईना, म्हणून आम्ही शेठच्या दुकानात गेलो. मुलगी ५० किलोची. पंख, बसायचा पट्ट्यांचा सांगाडा, जादा हवाई छत्री आणि हेल्मेट मिळून १६ किलो. बेरीज ६६.

मी पिरंगुटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. मायक्रॉनचा हिशेब करणारा माणूस. त्यामुळे रविवारी कामशेतला गुरुजी म्हणाले, "काका, हिला दहा लिटर पाणी लागेल," तेव्हा मला वाटलं प्यायला. त्यांनी पाच-पाच लिटरच्या दोन पिशव्या भरल्या आणि तिच्या बैठकीच्या मागच्या कप्प्यात घालायला घेतल्या. मी चिडलो. उडणाऱ्या वस्तूचं वजन कमी असावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात पंख मोठा, पोरगी हलकी, म्हणजे ती अलगद तरंगेल, अलगद उतरेल. असं असताना माझ्या लेकीच्या पाठीवर दहा किलोचं ओझं कशाला? गुरुजी शांतपणे म्हणाले, "काका, मोठा पंख आणि हलकी पोरगी, त्याचीच मला भीती आहे."

त्या दुपारी मला जे कळलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

विमान केवढं जड आहे, हे आपण नेहमी विचारतो. पंखाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला किती वजन आलं, एवढंच त्याला कळतं. याला इंग्रजीत विंग लोडिंग म्हणतात, आपण पंखभार म्हणू. एकूण वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागायचं, झालं. मुलीच्या त्या मागून आणलेल्या पंखाचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर होतं. ६६ भागिले २५, म्हणजे चौरस मीटरला २.६४ किलो. तो पंख ७५ ते ९५ किलो एकूण वजनासाठी बनवलेला होता, म्हणजे चौरस मीटरला साधारण तीन ते पावणेचार किलोसाठी. तसं त्याच्या शिवणीजवळच्या पट्टीवर छापलेलंही होतं. मी ती पट्टी वाचली होती आणि 'जास्तीत जास्त ९५' एवढंच लक्षात ठेवलं होतं. 'कमीत कमी' हा आकडाही कुणी उगाच छापत नाही, हे मनात आलं नाही.

मुळशीतल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागू नये. भात झोडून झालं की वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून उफणणी करतात. सुपातून भात सोडला की भरलेला दाणा पायाशी पडतो आणि पोचट दाणा उडून लांब जातो. दोन्ही दाणे आकाराने जवळजवळ सारखेच असतात. वाऱ्याला अडवणारं अंग दोघांचं सारखं, फरक फक्त आतल्या वजनाचा. वारा पोचट दाण्याला आपल्या मर्जीने नेतो, भरलेल्या दाण्यावर त्याची मर्जी तितकी चालत नाही. माझी लेक त्या मोठ्या पंखाखाली म्हणजे पोचट दाणा होती. गुरुजी दाण्यात थोडा तांदूळ भरत होते.

आता पंखाकडे येऊ. पंखाची उचल कशावर ठरते? पंखाचं क्षेत्रफळ, हवेची घनता, पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो तो कोन आणि वेग, यांच्यावर. यातला वेग हा मोठा मानकरी, कारण उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. याचा अर्थ उलटाही घेता येतो. पंख तोच ठेवून वजन चौपट केलं, तर त्याच कोनात उडायला वेग दुप्पट लागतो. म्हणून पंखभार हा दिसायला वजनाचा आकडा असला तरी खरं तर तो वेगाचा आकडा आहे. पंखभार सांगा, म्हणजे ते यंत्र किंवा तो पक्षी साधारण किती वेगाने उडत असेल आणि किती वेगाने जमिनीला टेकेल, याचा अंदाज बांधता येतो.

मुलीच्या पंखाचा हिशेब गुरुजींनी तिथेच वाळूत काडीने मांडला. ८५ किलोचा माणूस या पंखाखाली ब्रेक न ओढता ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जातो. ६६ किलोच्या मुलीचा वेग वर्गमुळाच्या हिशेबाने साडेबत्तीसच्या आसपास येतो. दहा लिटर पाणी घातलं की ३५. मी म्हटलं, "एवढ्याशा फरकासाठी?" त्यांनी टेकडीच्या माथ्यावरच्या वाऱ्याच्या फडक्याकडे बोट दाखवलं. हे वेग हवेतले आहेत. जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकायचं तर समोरून येणारा वारा त्यातून वजा करायचा. वारा २० चा असला तर भारी माणसाला १७ उरतात, मुलीला साडेबारा. वारा ३० चा झाला तर त्याला ७ आणि हिला अडीच. आणखी थोडा वाढला की ती तोंड पुढे करून मागे जायला लागणार.

आणि मागे काय असतं? टेकडीवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावरच हे लोक तरंगतात. तोच वारा माथा ओलांडला की टेकडीच्या पाठीशी भोवरे घेत खाली कोसळतो. ओढ्यात मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी कसं घुसळतं, तसं. पॅराग्लायडरच्या पंखात काठी नाही, पाइप नाही, आहे ते नुसतं कापड. पुढच्या कडेला असलेल्या तोंडांतून हवा आत शिरते आणि तिच्या दाबाने कापड फुगून पंख होतो. तो दाबही वेगाच्या वर्गाप्रमाणेच. म्हणजे हलक्या माणसाचा पंख हळू तर जातोच, शिवाय आतून मऊही राहतो. भोवऱ्यात सापडला की त्याची घडी पडायला वेळ लागत नाही. अलगद, अलगद म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो ते हे.

यातलं मला किती पटलं असतं कोण जाणे. पण साडेतीनच्या सुमाराला आमच्या डोळ्यांसमोर एक तरुण हवेत अडकला. तो आमच्या गुरुजींचा विद्यार्थी नव्हता. किडकिडीत अंगाचा, पंख मात्र अंगापेक्षा मोठा. दुपारच्या उन्हाने वारा वाढला होता. बाकीचे हळूहळू पुढे सरकून खालच्या शेतात उतरायला निघाले आणि हा संक्रांतीच्या पतंगासारखा एकाच जागी उभा. मग इंचाइंचाने मागे सरकायला लागला. खालून सगळे ओरडत होते, त्याला काय ऐकू येणार! त्याने पंखाची दोन्ही टोकं दोऱ्यांनी ओढून दुमडली, वेग वाढवायचा पायपट्टा दाबला, तरी तो माथ्याच्या मागे गेलाच. आम्ही धावत वर गेलो तेव्हा पलीकडच्या उतारावर करवंदीच्या जाळीत त्याचा पंख पसरलेला होता आणि तो बाजूला बसून तोंडावरचे ओरखडे पुसत होता. हातपाय धड होते. त्याने टोकं का दुमडली असतील, हे मला नंतर उमजलं. क्षेत्रफळ कमी म्हणजे पंखभार जास्त. बिचारा हवेत बसून भागाकाराचा छेद लहान करत होता. त्या घडीने पंख खाली लवकर येतो, पुढे जाण्याचा वेग मात्र फारसा वाढत नाही, म्हणून जोडीला पायपट्टा.

परत येताना मी गप्प होतो. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून गुरुजींना म्हणालो, "मी ८४ किलोचा आहे, मलाच चढवा या पंखावर." ते हसून म्हणाले, "सामान धरून शंभर. तुम्हाला मोठा पंख लागेल, काका." वरची मर्यादाही अशीच खरी असते. पंखभार वाढला की उतरतानाचा वेग वाढतो, आणि पॅराग्लायडरची चाकं म्हणजे आपले घोटे.

वजनाचं आणखी एक कोडं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुणेकरांना हडपसरचं ग्लायडिंग सेंटर ठाऊक आहे. जमिनीवरच्या यंत्राने तारेने ओढून बिनइंजिनाचं विमान वर सोडायचं आणि ते घारीसारखं तरंगत खाली येणार. दोन माणसांचं शिकाऊ ग्लायडर, उदाहरणार्थ चेक बनावटीचं सुपर ब्लानिक, याचे पंख १९ चौरस मीटरच्या थोडे वर आणि भरलेलं वजन सुमारे ५१० किलो. म्हणजे पंखभार २७ च्या आसपास. अशा ग्लायडरमध्ये एक किलोमीटर उंची हातात असली तर शांत हवेत साधारण २८ किलोमीटर जाता येतं. आता सांगा, त्यात हलका माणूस बसला तर ते जास्त लांब जाईल की भारी माणूस बसला तर? मी टूलरूममधल्या दहा जणांना विचारलं, दहाही जण 'हलका' म्हणाले. उत्तर असं, की दोघंही जवळजवळ सारखंच अंतर जातात. भारी माणूस फक्त लवकर पोचतो.

आमच्या पिरंगुटच्या घाटाने हे सोपं होतं. माथ्यावरून भरलेला ट्रक उतरू दे की रिकामा टेम्पो, रस्त्याचा उतार तोच आणि पायथाही तोच. ग्लायडरच्या उतरणीचा हा उतार पंखाच्या आणि अंगाच्या घडणीवर ठरतो, वजनावर नाही. वजनाने ठरतो तो त्या उतारावरचा वेग. म्हणूनच शर्यतीतले ग्लायडरवाले पंखांतल्या टाक्यांमध्ये दीडदोनशे लिटर पाणी भरून निघतात. ऊन चांगलं असेल, गरम हवेचे झोत जोरात वर चढत असतील, तर जड ग्लायडर एका झोताकडून दुसऱ्याकडे वेगाने धाव घेतं. झोत क्षीण झाले की हेच वजन अंगाशी येतं, कारण जड ग्लायडर दर सेकंदाला खालीही जास्त येतं. मग पाणी हवेतच सोडून द्यायचं. उतरण्यापूर्वी तर ते सोडतातच.

आता खिडकीजवळच्या जागेवर बसून लोहगावहून विमानाने गेला असाल तर आठवा. एअरबस ३२० चे पंख सुमारे १२२ चौरस मीटर, पूर्ण भरलेलं वजन ७८ टनांच्या आसपास. चौरस मीटरला सव्वासहाशे किलोच्याही वर. माझ्या मुलीच्या पंखभाराच्या दोनशे-सव्वादोनशे पट! एवढ्या ओझ्याचा पंख रिक्षाच्या वेगाला उचलला जात नाही, म्हणून धावपट्टीवर ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात किंवा त्याहून वर वेग गाठावा लागतो. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. एप्रिलच्या दुपारी ती तापून आणखी विरळ होते. तेवढा वेग आणखी वाढवायचा, तेवढी धावपट्टी आणखी खर्च करायची. उतरताना याच पंखाच्या मागच्या कडेतून फळ्या बाहेर सरकतात आणि खाली वाकतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. ते फ्लॅप. त्यांनी पंख थोडा रुंद होतो आणि बराच बाकदार होतो, म्हणजे कमी वेगातही तेवढीच उचल मिळते. त्या करवंदीतल्या तरुणाने केलं त्याच्या नेमकं उलट.

लढाऊ विमानांमध्ये हा आकडा म्हणजे स्वभाव. मिग-२१ चे पंख जेमतेम २३ चौरस मीटर. ते उतरवताना ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग सांभाळावा लागे, आणि कित्येक तरुण वैमानिकांची पहिली मोठी परीक्षा तीच असे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. त्याची जागा घेण्यासाठी आखलेल्या तेजसचे पंख ३८ चौरस मीटरच्या वर आहेत आणि वजन त्या मानाने फार वाढलेलं नाही. कमी पंखभाराचं विमान लहान वर्तुळात वळू शकतं. मग सगळीच विमानं तशी का करत नाहीत? कारण पुन्हा पोचट दाणा! जमिनीलगत वेगाने जाऊन मारा करायचा असेल तर मोठ्या पंखाच्या विमानाला हवेचा प्रत्येक हेलकावा जाणवतो आणि वैमानिक खिळखिळा होतो. जग्वार विमानाचे पंख मुद्दाम लहान, २४ चौरस मीटर ठेवले, कारण त्याचं कामच खालून जाण्याचं.

पक्ष्यांचं शास्त्र वेगळं नाही. कारखान्याच्या कँटीनबाहेर उभं राहिलं की दुपारी घाटाच्या डोंगरावर घारी गिरक्या घेताना दिसतात. घारीचा पंखभार चौरस मीटरला जेमतेम तीन किलो, म्हणजे आमच्या गुरुजींना पसंत पडेल असा. गिधाडाचा सात-आठ. प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट मोठा झाला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट, म्हणून पंखभार दुप्पट. मोठ्या पक्ष्याला उडणं महाग पडतं ते असं. चिमणी उजाडताच कामाला लागते, गिधाड मात्र ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत कड्यावर पंख पसरून बसून राहतं. राहतं म्हणायचं, गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधाने आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपवली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण मुळशीच्या आभाळात गिधाड दिसलं तर आजही लोक फोन करून सांगतात.

हा सात-आठचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जर्मनीच्या ऑटो लिलिएंथालने पक्ष्यांचे पंख मोजून १८९० च्या दशकात स्वतःचे ग्लायडर बांधले. त्यांतल्या नेहमीच्या ग्लायडरचा पंख सुमारे १३ चौरस मीटर, आणि त्याच्यासकट वजन शंभर किलोच्या आसपास. भागाकार करा. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख ४७ चौरस मीटर, वैमानिकासह वजन सुमारे ३४० किलो. पुन्हा भागाकार करा. माणूस पहिल्यांदा उडाला तो गिधाडाच्या पंखभाराने, आणि त्याच्याएवढाच हळू. लिलिएंथालला १८९६ मध्ये एका झुळकेने उलथवलं, त्या अपघातात तो गेला.

आणि जाता जाता तो पाणपक्षी, ज्याला आपण वारकरी म्हणतो. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. हिवाळ्यात तळ्यावर तो दिसला तर त्याला उडताना पाहा. शरीराच्या मानाने पंख तोकडे, म्हणून तो जागेवरून उठूच शकत नाही. पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो, वेग घेतो, मग सुटतो. एअरबस आणि तो यांची अडचण एकच.

कामशेतला त्या रविवारी वारा साडेपाचनंतर शांत झाला. मुलीने दोन्ही पिशव्या स्वतः कप्प्यात भरल्या, माझ्याकडे बघितलं नाही. चार पावलं धावली आणि सुटली. वीसेक मिनिटं ती टेकडीच्या पुढे येरझाऱ्या घालत होती. मी घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात ७६ भागिले २५ करत होतो. खालच्या शेतात उतरली तेव्हा दोन पावलं जोरात पडली, बाकी काही नाही. मग तिने पिशव्यांची तोंडं उघडली आणि ते दहा लिटर पाणी बांधावरच्या आंब्याच्या रोपाला घातलं.

सोमवारी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी कशाला वाहून नेताय, साहेब? पुढच्या खेपेला दहा किलो आंबेमोहोर न्या. उतरल्यावर भात तरी होईल."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)